साबुदाण्याच्या गोळ्या, इसब आणि गटाची वही

(संघाच्या मासिक बैठकीत आरोग्य या विषयावर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज इसबाबद्दल बोलायचं ठरलंय. इसब म्हणजे डॉक्टर ज्याला एक्झिमा म्हणतात ते. गटाच्या कर्जमागणी अर्जावर 'दवाखाना' असं कारण लिहिलेलं असतं. खोलात जाऊन विचारलं की कुणी सांगते, पोरीच्या मानेवरच्या खाजेचा कोर्स घ्यायचाय, कायमचं जातंय म्हणतात. कुणी म्हणते, हाताला भेगा पडल्यात, होमिओपॅथी सुरू केलीय, वर्षभर घ्यावी लागेल. तेव्हा हा विषय खाजेचा आहे तसाच पैशाचाही आहे, आणि दोन्ही मिळून बोलायला पाहिजे.

आधी इसब कशाला म्हणायचं ते बघू, कारण आपल्याकडे सगळ्या खाजेला एकच नाव दिलं जातं. गोल चट्टा, कडेने लाल आणि मधे साफ, कडा पसरत जातेय, तो नायटा, म्हणजे गजकर्ण. ती बुरशी आहे. रात्री अंथरुणात पडल्यावर घरातली चार-पाच जणं एकदम खाजवायला लागली, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला पुरळ आलं, तर ती खरूज. ती एकाची दुसऱ्याला लागते आणि सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावल्याशिवाय जात नाही. फिकट किंवा लालसर चट्टा आहे, खाज अजिबात नाही, टोचलं तरी कळत नाही, असं असेल तर त्याच आठवड्यात आशाताईला दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि वेळेवर घेतली तर माणूस पूर्ण बरा होतो.

इसब या सगळ्यांहून वेगळं. त्वचा लाल होते, बारीक पाण्याचे फोड येतात, लस येते, मग खपली धरते. जुनं झालं की कातडी जाड, काळपट, भेगाळलेली होते. खाज तर अशी की झोप उडते. आणि मुख्य म्हणजे ते जातं आणि परत येतं. इसब कुणाचं कुणाला लागत नाही. हे मी दोनदा सांगते, कारण इसब असलेल्या सुनेचं ताट वेगळं ठेवणारी घरं आपल्या तालुक्यात आजही आहेत. इसब लागत नाही.

ते होतं कसं? आपल्या वरच्या गावांतल्या जुन्या घरांची कुडाची भिंत डोळ्यांसमोर आणा. कारव्यांचा कूड आणि वरून शेणमातीचा लेप. लेप चांगला असेल तर वारा आत येत नाही, पाऊस आत येत नाही. लेपाला तडे गेले की सगळंच आत शिरतं. त्वचेचंही असंच आहे. काहींची कातडी जन्मतःच कोरडी, तिच्यातला तेलकट लेप कमी. काहींचा लेप आपण रोज धुऊन काढतो, साबणाने, भांड्याच्या पावडरीने, कपड्याच्या वडीने, आवणीच्या चिखलाने. तडा गेला की बाहेरचं आत शिरतं, खाज सुटते, खाजवलं की तडा मोठा होतो. हे चक्र चालूच राहतं. म्हणून इसबाला 'कायमचं घालवणारं' औषध आजतागायत कुठल्याच पॅथीकडे नाही. पण लेप राखला आणि आत काय शिरतंय ते ओळखलं तर वर्षानुवर्षं ते शांत ठेवता येतं.

आता होमिओपॅथीकडे येते. बायका तिकडे का जातात हे मला चांगलं समजतं. सरकारी ओपीडीत समोर साठ माणसांची रांग, डॉक्टर बाह्या वर करून बघतात, मलम लिहून देतात, दोन मिनिटांत बाहेर. होमिओपॅथीचे डॉक्टर पहिल्या भेटीला तास-तासभर बसवतात. कधी सुरू झालं, थंडीत वाढतं की उन्हाळ्यात, पाणी लागलं की चरचरतं का, पाळीच्या आधी वाढतं का, झोप कशी, तहान किती, राग येतो की रडू येतं, घरात काही दुःखद घडलं होतं का. कित्येक बायांना आयुष्यात पहिल्यांदा असं कुणीतरी विचारलेलं असतं. त्याने निम्मा भार तिथंच उतरतो, आणि ते काही खोटं नाही. मग त्या माणसाच्या एकूण स्वभावाला जुळेल असं एक औषध निवडतात. एकाच इसबाला तुम्हाला एक आणि तुमच्या जावेला दुसरं. जाड, मधासारखी चिकट लस येत असेल तर ग्राफायटिस, अंघोळीने आणि अंथरुणाच्या उबेने आग वाढत असेल तर सल्फर, हिवाळ्यात बोटं फाटत असतील तर पेट्रोलियम, अशी त्यांची जुळणी असते. व्यक्तीनुसार उपचार म्हणतात तो हा.

हे शास्त्र जर्मनीतल्या हानेमान नावाच्या डॉक्टरने १७९६ च्या सुमारास मांडलं. त्याचं मुख्य सूत्र असं की धडधाकट माणसात जी वस्तू एखादा त्रास निर्माण करते, तीच अगदी थोडी दिली तर तसाच त्रास बरा करते. आपल्याकडचं उदाहरण घ्या. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की कसे फोड येतात ते तुम्हाला सांगायला नको. होमिओपॅथीत बिब्ब्यापासून केलेलं औषध आहे, ॲनाकार्डियम नावाचं, आणि ते खाजेच्या फोडांवरही देतात. काट्याने काटा काढायचा, असा विचार.

पण 'थोडी' म्हणजे किती थोडी, हे समजून घ्या. मूळ अर्काचा एक थेंब घ्यायचा, तो नव्व्याण्णव थेंबांत मिसळून जोरात हलवायचा. ही झाली पहिली पायरी. त्यातला एक थेंब घेऊन परत नव्व्याण्णवमध्ये. दुसरी पायरी. बाटलीवर '३०' लिहिलेलं असतं, म्हणजे असं तीस वेळा केलेलं. आपलं भंडारदरा धरण काठोकाठ भरलं की ११ टीएमसी पाणी. त्या सगळ्या पाण्यात एक थेंब टाकला, तर जेवढं पातळ होईल त्याहून जास्त पातळ हे औषध आठव्या पायरीलाच होतं. पुढे आणखी बावीस पायऱ्या राहतात. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ वस्तूचा एक कणही बाटलीत उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. ते पाणी किंवा अल्कोहोल साखरेच्या गोळ्यांवर टाकतात, त्या आपल्या साबुदाण्याच्या गोळ्या. (सगळीच औषधं इतकी पातळ नसतात. मदर टिंक्चर म्हणजे मूळ अर्क, त्यात वस्तू असते. ते लहान मुलाला परस्पर देऊ नका.)

होमिओपॅथीचे डॉक्टर म्हणतात की हलवण्याने त्यात शक्ती उतरते. ठीक आहे, कण नसेल, पण गुण येत असेल तर आपल्याला काय करायचंय? म्हणून गुण येतो का हेच तपासायचं. जर्मनीत बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी इसब असलेल्या १३५ मुलांचा अभ्यास केला. काही मुलं होमिओपॅथीच्या डॉक्टरांकडे, बाकीची नेहमीच्या डॉक्टरांकडे. वर्षानंतर पाहिलं तर होमिओपॅथीची मुलं जास्त बरी झाली होती असं दिसलं नाही, खर्च मात्र जास्त झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले आणि सांगितलं की कुठल्याही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा मिळत नाही. होमिओपॅथीवाल्यांना हा निष्कर्ष मान्य नाही, त्यांचे आक्षेप आहेत. माझं मत विचाराल तर गोळीने इसब बरं होतं असं मी कुणाला सांगणार नाही.

"पण सिस्टर, मला गुण आला!" हे मी शंभरदा ऐकलंय आणि सांगणारी खोटं बोलत नसते. आपलं वर्ष आठवून बघा. वरच्या डांगाणातल्या बाईचे हात आषाढ-श्रावणात सडतात, कारण पंधरा-वीस दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत आवणी. फारच झालं की ती दवाखाना गाठते. गोळ्या सुरू होतात. तोवर आवणी संपते, हात कोरडे राहतात आणि भादव्यात कातडी भरून येते. जिची कातडी कोरडी, तिचं इसब मार्गशीर्ष-पौषातल्या थंडीत फाटतं. ती पौषात औषध घेते, होळीला बरी असते. इसब मुळातच भरती-ओहोटीचा आजार, आणि आपण औषध घ्यायला जातो ते नेमकं भरतीच्या टोकाला. त्यानंतर काहीही घेतलं, अगदी काही नाही घेतलं, तरी ओहोटी येतेच. श्रेय गोळीला जातं. पुढच्या आवणीला परत आलं की म्हणायचं, पथ्य पाळलं नाही म्हणून आलं.

पथ्याचं निघालं म्हणून सांगते, मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. वांगं बंद, कांदा-लसूण बंद, अंडी बंद, मासे बंद, आंबट बंद. पोराला इसब आणि आईचं दूध-अंडं बंद. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बायांनी अंदाजाने असं जेवण तोडायचं नसतं. एखादा पदार्थ खाल्ला की तासा-दोन तासांत दरवेळी अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, असं स्पष्ट दिसलं तर तो पदार्थ टाळा आणि डॉक्टरांना सांगा. बाकी सगळं खा.

मग त्या गोळ्यांनी नुकसान काय? गोळीने फारसं नाही. नुकसान होतं ते गोळीच्या आजूबाजूला. 'आधी वाढेल, मग बरं होईल, रोग बाहेर पडतोय' असं सांगितलं जातं. तेवढ्यात इसबात पू होतो, पिवळी खपली धरते, ताप येतो, काखेत गाठ येते, आणि बाई वाट बघत बसते. तो रोग बाहेर पडत नसतो, जंतू आत शिरलेले असतात. त्या दिवशी दवाखाना गाठायचाच. लहान मुलाच्या बाबतीत तर संध्याकाळचीही वाट बघायची नाही. दुसरं, काही ठिकाणी नाव नसलेली पांढरी पुडी मिळते. दोन दिवसांत खाज गायब, भूक वाढली, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल झाला, आणि पुडी बंद केल्याबरोबर दुप्पट उसळलं, असं झालं तर त्या पुडीत स्टेरॉईड असल्याचा संशय घ्या. नाव न लिहिलेलं औषध, कुठल्याही पॅथीचं असो, घ्यायचं नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहून मागणं हा तुमचा हक्क आहे. अशी पुडी बरेच महिने घेतलेली असेल तर आपल्या मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू सोडा.

तिसरं नुकसान पैशाचं. महिन्याला पाचशे धरले तर वर्षाला सहा हजार. 'पूर्ण कोर्स'चे दहा हजार आधीच भरायला सांगितले आणि ते गटातून दोन टक्क्यांनी उचलले, तर पहिल्याच महिन्याला दोनशे रुपये नुसतं व्याज. दवाखान्यासाठी कर्ज देऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. पण 'कायमचं बरं करतो, पैसे आधी' म्हणणाऱ्यासाठी गटाने कर्ज देऊ नये, मग तो कुठल्याही पॅथीचा असो.

मात्र त्या तासभराच्या चौकशीतला चांगला भाग आपण का सोडायचा? तो आपण फुकट करू शकतो. गटाच्या वहीसारखी एक वही करा. तारीख, खाज किती आणि अंगावर कुठे, त्या दिवशी हात कशाकशात घातले, अंगाला काय लागलं. दोन महिने लिहा. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या. जागेवरून बरंच कळतं. कानाची पाळी, गळा आणि पँटच्या बटणाची जागा असेल तर खोटे दागिने आणि त्यांतला निकेल धातू. कपाळाच्या मधोमध असेल तर टिकलीचा डिंक. तिथं कधीकधी खाज येऊन पांढरा डागही पडतो, मग टिकली सोडून कुंकू लावून बघा. फक्त हात असतील तर साबण, सोडा, भांडी, लसूण सोलणं, गवंडीकामावर असाल तर सिमेंट. टोमॅटोच्या बागेत बांधणी करणाऱ्यांनी झाडाचा पाला आणि फवारणी, दोन्ही लिहावं.

आणि चेहरा, पापण्या, मान, कोपराची लवण अशा उघड्या जागी पावसाळ्यात दरवर्षी उसळत असेल, तर गाजर गवताकडे बोट दाखवा. हे मूळचं आपलं नव्हे. अमेरिका खंडातलं हे गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं, तिकडच्या गव्हाबरोबर आलं असं सांगतात, आणि आता एकही बांध त्याच्यावाचून नाही. त्याला हात लावला नाही तरी चुरा वाऱ्याने उडून बसतो. खुरपणीला जाणाऱ्या कितीतरी बायकांचं आणि गड्यांचं 'जुनं इसब' हेच असतं. अशा बाईला वर्षभर गोळ्या दिल्या आणि ती रोज त्याच बांधावर गेली, तर गुण येणार कसा? गवत फुलावर येण्याआधी उपटायचं, ज्यांना त्रास आहे त्यांनी ते काम करायचंच नाही, बाकीच्यांनी पूर्ण बाह्या आणि हातमोजे घालून करायचं. आपल्या गटांनी ज्येष्ठात एक दिवस गावाच्या बांधांना दिला तर कितीतरी औषध वाचेल.

नक्की कशाने होतंय हे वहीतून कळलं नाही तर पॅच टेस्ट असते. पाठीवर वेगवेगळ्या वस्तूंच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी बघतात. मोठ्या रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात ती होते. आपल्याला जवळ म्हणजे लोणीचं प्रवरा रुग्णालय. ती सोय कोणत्या दिवशी आहे ते आधी विचारून जा आणि दोनदा-तीनदा जावं लागेल हे धरून चला.

आता लेपाचं. हा उपचारातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा भाग. अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटं, साबण फक्त काखा-जांघांना. अंग घासून पुसायचं नाही, टिपायचं, आणि कातडी ओलसर असतानाच साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चोळायचं. वासाचं नको. दिवसातून दोन-तीनदा, आणि बरं वाटायला लागलं तरी चालू ठेवायचं. बायका नेमकं इथं सोडतात. मोहरीचं तेल नको, ते झोंबतं. बिब्बा, रुईचा चीक, लसणाचा लेप तर इसबावर कधीच नको. हाताचं इसब असेल तर आत सुती आणि वर रबरी हातमोजे घालून भांडी घासा. नुसता रबरी मोजा आत घाम धरतो.

स्टेरॉईड मलमाला लोक घाबरतात आणि तेच मलम दुकानातून चार औषधांचं मिश्रण म्हणून बिनधास्त आणतात. दोन्ही चूक. डॉक्टरांनी इसब आहे असं बघून, अंगाच्या जागेप्रमाणे मलम निवडून, ठरावीक दिवस लावायला सांगितलं तर ते चांगलं आणि सुरक्षित औषध आहे. तर्जनीच्या पेराएवढं मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं, त्याहून जास्त नाही. पण तेच नायट्यावर लावलं तर नायटा दबतो आणि मग सगळ्या अंगावर पसरतो. चेहऱ्यावर गोरं व्हायला लावलं तर कातडी पातळ होते. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. दुकानदार देतो म्हणून आपण घ्यायचं असं नाही.

भाषणानंतर काही तायांनी प्रश्न विचारले, ते इथं देते.

'आमच्या गटाचं पापड-शेवयांचं काम आहे. एकीच्या हाताला इसब आहे, तिला काढायचं का?' काढायचं नाही. हातावर उघडी जखम किंवा लस असेल तोवर पिठात हात नको, कारण जखमेतले जंतू अन्नात जातात. तेवढे दिवस तिला वजन, पॅकिंग किंवा हिशोब द्या आणि हजेरी पूर्ण लावा. भरून आलं की परत कामावर.

'होमिओपॅथी चालू आहे, ती बंद करू का?' मनाला बरं वाटतंय, खर्च झेपतोय, तर घ्या. पण अंगाला जेली लावणं थांबवायचं नाही, चालू असलेलं डॉक्टरांचं मलम कुणाच्या सांगण्यावरून एकदम बंद करायचं नाही, आणि मुदत ठरवायची. तीन महिने वहीत लिहून बघा. मागच्या वर्षीच्या त्याच ऋतूशी तुलना करा, औषध सुरू केलं त्या दिवसाशी नको. फरक नसेल तर तिथं थांबा.

'पोरीचं लग्न जमवायचंय, सांगायचं की लपवायचं?' हा प्रश्न एका ताईने सगळ्या गेल्यावर विचारला. मी म्हटलं, सांगा. लग्नानंतर नवीन घरी, नवीन पाण्यात, भांड्या-धुण्याच्या पहिल्याच महिन्यात ते उसळणार, आणि तेव्हा तिला लपून खाजवावं लागलं तर जास्त हाल. 'तिची कातडी कोरडी आहे, हे लागत नाही, तिला हातमोजे आणि जेली लागते' एवढं सरळ सांगा. हवं तर पाहुण्यांना आशाताईकडून समजावून द्या.

पुढच्या बैठकीला येताना ज्यांच्या घरी इसब आहे त्यांनी आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, पुड्या आणि बाटल्या पिशवीत घालून आणा, रिकाम्या असल्या तरी चालतील. दवाखान्यात जातानाही हीच पिशवी न्यायची.